चला भटकू या! : चारठाण्याचा वाटाड्या



मोठ्या शहरात पर्यटकांसाठी माहिती केंद्र असतं. तिथं नकाशा मिळतो, काय पाहायचं ते कळतं. पण परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर तालुक्यात चारठाण्याला गेलात तर? मी गेलो तेव्हा मला माहिती केंद्र भेटलं ते सायकलवर!

"बाळा, जुनं देऊळ कुठं आहे रे?"

"कोणतं, काका? लई हायेत!"

खरंच होतं त्याचं. चारठाणा म्हणजे देवळांचं गाव. त्यानं मला गोकुळेश्वराचं देऊळ दाखवलं, बारव दाखवली, उंच कोरीव दगडी स्तंभही दाखवला. वाट त्याला तोंडपाठ! पण "हे दगड जोडले कसे रे?" म्हटल्यावर स्वारी गप्प. "लई जुनं हाय," एवढंच म्हणाला.

मग आम्ही दोघं भिंतीपाशी बसलो. ही बांधणी यादवांच्या काळातली, म्हणजे सुमारे सात-आठशे वर्षांपूर्वीची. दगड असे तासायचे, की एकाची खुंटी दुसऱ्याच्या खाचेत बसावी. चुना लागतच नाही! हिला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाडपंत हा यादवांचा प्रधान. पण गंमत बघा, अशी देवळं त्याच्या आधीही बांधली जात होती.

मुलांनो, माहिती हरवली, की कोरीव दगड नुसता दगड होतो. मग कुणी त्याच्यावर धुणं धुतं, कुणी तो पायरीला लावतं. एकदा गेला, की गेलाच.

म्हणून एक वही करा. तीन रकाने आखा : पाहिलं, ऐकलं, वाचलं. 'गावात पूर्वी ३६० देवळं होती' असं जुनी माणसं सांगतात, ते 'ऐकलं'मध्ये. खांबावरची नक्षी 'पाहिलं'मध्ये. दोन्हींची सरमिसळ करायची नाही, बरं का! आजी-आजोबांना विचारा, गुरुजींना विचारा.

आईबाबांनो, दिवाळीच्या सुट्टीत मुलांना इकडं जरूर आणा. जिंतूरजवळ नेमगिरीची जैन लेणी आहेत, पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारचं सरोवर आहे. आकाशातून उल्का आदळून झालेलं ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. २०२० साली या सरोवराला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला.

आणि आपला सायकलवाला? निघताना म्हणाला, "थांबा काका, बारवेच्या पायऱ्या मोजून येतो!" आकडा त्यानं वहीत लिहून ठेवलाय, 'पाहिलं'च्या रकान्यात. तो काही मी सांगणार नाही. चारठाण्याला जा आणि त्यालाच विचारा.

तुमच्या गावात पाहुणा आला, तर 'लई जुनं हाय'च्या पुढचं एक वाक्य तुम्ही सांगाल ना?