फवारणी यंत्रावर प्रवाहमापक : आधी बादली, मग मीटर

नाशिक, सांगली, सोलापूर असो वा कर्नाटकातील विजयपूर, द्राक्ष आणि डाळिंब पट्ट्यांतील प्रगतिशील शेतकऱ्यांकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "मॅडम, ब्लोअरवर फ्लो मीटर बसवून घ्यावा का? पैसे वसूल होतील का?" प्रश्न यंत्राचा असला, तरी त्याचे उत्तर कीटकशास्त्रज्ञाला टाळता येत नाही. आम्ही शिफारस करतो ती मात्रा पिकापर्यंत पोहोचते की नाही, हे अखेर त्या यंत्रावरच ठरते. माझे मत प्रथमच स्पष्ट करते. प्रवाहमापक हे उपयुक्त साधन आहे. परंतु स्वतःच्या यंत्राचे अंशांकन एकदाही न केलेल्या बागायतदारासाठी ती पहिली खरेदी असू नये.

प्रथम प्रवाहमापक नेमके काय सांगतो, ते पाहू. नोझलकडे जाणाऱ्या नळीतून मिनिटाला किती लिटर द्रावण जात आहे, एवढेच तो मोजतो. हेक्टरी किती द्रावण पडले, हे समजण्यासाठी ट्रॅक्टरचा वेग आणि फवारणीची रुंदी या आणखी दोन गोष्टी लागतात. सूत्र सोपे आहे. हेक्टरी लिटर प्रमाणाला ताशी किलोमीटर वेगाने आणि मीटरमधील रुंदीने गुणून ६०० ने भागले, की मिनिटाचा आवश्यक प्रवाह मिळतो. दोन ओळींतील अंतर २.७ मीटर, वेग ताशी ४ किलोमीटर आणि हेक्टरी १००० लिटर द्रावण अपेक्षित असेल, तर सर्व नोझलमधून मिळून मिनिटाला १८ लिटर प्रवाह हवा. चालकाने वेग ताशी ५ किलोमीटर केला, तर पडद्यावर १८ हाच आकडा दिसत राहील. मात्र हेक्टरी ८०० लिटरच पडेल. वेगाची जोड नसलेल्या मापकाला ही २० टक्क्यांची तूट कळत नाही.

याहून महत्त्वाची मर्यादा मला एका द्राक्षबागेने शिकवली. बाग फुलोऱ्यात होती आणि दोन फवारण्या होऊनही फुलकिडे आटोक्यात येत नव्हते. यंत्रावर नवा प्रवाहमापक होता व त्यावर १८ लिटर हा अपेक्षित आकडा दिसत होता. आम्ही यंत्र निर्दोष मानले, किडीत प्रतिकारशक्ती आली असावी असा निष्कर्ष काढला आणि कीटकनाशक बदलण्याचा सल्ला दिला. तिसऱ्या भेटीत ट्रॅक्टरचालकानेच सांगितले की, वरच्या बाजूची पाने फवारणीनंतरही कोरडी राहतात. मग दहाही नोझलखाली एकेक करून बादली धरली. प्रत्येकातून मिनिटाला १.८ लिटर अपेक्षित होते. वरच्या दोन नोझलमधून जेमतेम ०.९ लिटर येत होते, तर उरलेल्या आठ झिजलेल्या नोझलमधून २ लिटरहून थोडे अधिक. बेरीज मात्र १८ च्या आसपासच! मापक खोटे बोलत नव्हता. आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारला होता. तोपर्यंत फुलोरा संपून मण्यांवर चट्टे उमटले होते. त्या मालाचे नुकसान बागायतदाराने सोसले. आमच्या अहवालात मात्र दोष किडीचा ठरला होता.

हा प्रसंग सांगण्याचे कारण एवढेच की, मात्रेतील चुकीची किंमत वाया गेलेल्या द्रावणापुरती मर्यादित नसते. कमी मात्रा मिळालेल्या भागात अंशतः प्रतिकारक्षम किडी जगतात आणि त्यांचीच पुढची पिढी वाढते. जादा मात्रा पडलेल्या भागात अवशेषांचा धोका वाढतो, मित्रकीटक अधिक प्रमाणात मरतात आणि फवारणाऱ्याच्या अंगावरही अधिक द्रावण येते. एकाच बागेत, एकाच फेरीत या दोन्ही चुका एकाच वेळी घडू शकतात. एकूण प्रवाहाच्या आकड्यात त्या दोन्ही परस्परांना झाकून टाकतात.

दाबमापकावरही पूर्ण विसंबून राहता येत नाही. नोझल तुंबले, तर प्रवाह घटतो. पण दाब उलट वाढलेला दिसू शकतो. शिवाय प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे त्याच नोझलमधून दुप्पट प्रवाह हवा असेल, तर दाब चौपट करावा लागतो. केवळ २० टक्के प्रवाह वाढवण्यासाठीही दाब ४४ टक्क्यांनी वाढवावा लागतो. दाब वाढला की थेंब बारीक होतात व वाऱ्याबरोबर भरकटतात. म्हणून प्रवाहातील मोठा फरक दाबाने नव्हे, तर योग्य क्षमतेचे नोझल निवडून भरून काढावा.

मग पैसे वसूल होण्याचे काय? एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, पाच एकर बाग आहे, हंगामात १५ फवारण्या होतात आणि एका फवारणीचा एकरी औषधखर्च १५०० रुपये आहे. नोझल झिजल्यामुळे १० टक्के द्रावण जादा जात असेल, तर हंगामात ११,२५० रुपये वाया जातात. विक्रेता हा आकडा मापकाच्या बाजूने मांडेल. पण ही झीज शोधण्यासाठी मोजमापाच्या खुणा असलेली बादली, घड्याळ आणि एक तास पुरेसा आहे. मापकाच्या खात्यात केवळ तीच बचत जमा करावी, जी बादलीला सापडली नसती. लहान बागेत ती बहुधा फारशी उरत नाही.

बादलीला न सापडणाऱ्या गोष्टीही आहेत आणि तेथे मापकाची बाजू खरोखर भक्कम आहे. फवारणी सुरू असताना गाळणी हळूहळू तुंबणे, पंपाचा डायफ्रॅम फाटणे, इंजिनाचे फेरे कमी होणे, एका बाजूची झडप बंद राहणे. हे दोष फवारणीपूर्वीच्या चाचणीत दिसत नाहीत. भाड्याने फवारणी करणारे व्यावसायिक, अवजार बँक चालवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या आणि मोठ्या क्षेत्राचे बागायतदार यांचे यंत्र रोज अनेक तास चालते. त्यांच्यासाठी मापक, शक्यतो वेगाची जोड असलेला, योग्य गुंतवणूक ठरू शकतो. निर्यातीच्या बागेतील फवारणी नोंदवहीत अंदाजाऐवजी प्रत्यक्ष वापरलेले लिटर लिहिता येतात, हा आणखी एक लाभ.

अशांनी खरेदी करताना तीन बाबी तपासाव्यात. पहिली, प्रकार. फिरत्या चक्राचा मापक स्वस्त असतो. परंतु पाण्यात मिसळणाऱ्या भुकटीच्या द्रावणाने त्याचे चक्र झिजते वा अडकते. विद्युतचुंबकीय मापकात फिरते भाग नसल्याने तो अशा द्रावणांना अधिक अनुकूल असतो. दुसरी, जागा. मापक बायपासच्या पुढे, नोझलकडे जाणाऱ्या नळीवरच हवा. पंप आणि बायपास यांच्या मध्ये बसवल्यास टाकीत परतणारे द्रावणही मोजले जाते. मोटरबोटीच्या डिझेल इंजिनावर इंधनमापक बसवणाऱ्यांनाही हीच अडचण येते : न जळलेले डिझेल टाकीकडे परतते, म्हणून जाणारा आणि परतणारा असे दोन्ही प्रवाह मोजून वजाबाकी करावी लागते. तिसरी बाब, पडताळणी. मोजून घेतलेले पाणी यंत्रातून सोडून मापकाचा आकडा हंगामात काही वेळा ताडून पाहावा. म्हणजे मापक घेतला, तरी बादली सुटत नाही.

ज्यांनी अद्याप काहीच मोजलेले नाही, त्यांनी पुढील क्रम पाळावा. टाकी धुऊन स्वच्छ पाणी भरावे. ब्लोअरचा पंखा बंद ठेवून नेहमीच्या फेऱ्यांवर व दाबावर पंप चालवावा. प्रत्येक नोझलला नळी लावून एक मिनिटाचे पाणी मोजावे आणि लिहून ठेवावे. उत्पादकाने दिलेल्या प्रवाहापेक्षा १० टक्क्यांहून अधिक पाणी देणारे नोझल बदलावे. कमी देणारे आधी मऊ ब्रशने साफ करावे, तारेने किंवा तोंडाने फुंकून कदापि नाही. नंतर बागेतच १०० मीटर अंतराला लागणारा वेळ मोजावा. ९० सेकंद लागले, तर वेग ताशी ४ किलोमीटर आहे. शेवटी पाण्याला संवेदनशील असलेले पिवळे कागद वेलीच्या वरच्या, मधल्या आणि आतील भागात लावून पाहावेत. थेंब पडतो तेथे कागद निळा होतो. फुलकिडे राहतात त्या जागी द्रावण पोहोचले का, याचे उत्तर हा कागद देतो, कोणताही प्रवाहमापक नाही.

युरोपीय संघाने २००९ च्या निर्देशाद्वारे वापरातील व्यावसायिक फवारणी यंत्रांची नियतकालिक तपासणी बंधनकारक केली. आपल्याकडे अशी सक्ती येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. कृषी विज्ञान केंद्रे आणि विस्तार कार्यकर्त्यांनी द्राक्षाच्या छाटणीपूर्वी व डाळिंबाच्या बहारापूर्वी गावोगावी यंत्र तपासणीचा एक दिवस ठेवावा. मापनाचे साहित्य गावासाठी एकत्रित घेता येईल. तसेच, "औषध लागू पडत नाही" अशी तक्रार आल्यावर कीटकनाशकाचे नाव विचारण्याआधी नोझलच्या नोंदी मागाव्यात. ही विनंती विस्तार कार्यकर्त्यांइतकीच आम्हा कीटकशास्त्रज्ञांनाही आहे.