मामा, स्टार देणार का?

गेल्या शनिवारी ताईकडे गेलो होतो. भाची सीनियर केजीत आहे. एरवी मी गेलो की चपला काढायच्या आत कागद-खडू घेऊन हजर असते. या वेळी मीच म्हटलं, "चल, हत्ती काढू." तर बाईसाहेब विचारतात, "मामा, स्टार देणार का?"

मी उडालोच! ताई म्हणाली, "अरे, शाळेत सगळ्यालाच स्टार असतो. डबा संपवला, स्टार. गप्प बसलं, स्टार. चित्र काढलं, स्टार. १० स्टार झाले की एक पेन्सिल."

आता बाईंची अडचण मला कळते हो. एका वर्गात ४० पोरं... पट्टीपेक्षा स्टिकर केव्हाही बरा. चपला रांगेत लावणं वगैरे कंटाळवाण्या गोष्टींना द्या की स्टार. पण चित्राला?

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली, चित्रांची मुळातच आवड असलेली मुलं त्यांनी निवडली. एका गटाला आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी स्टार आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. दुसऱ्या गटाला तेच दिलं, पण नंतर, अचानक. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर पहिल्या गटातली मुलं बाकीच्यांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नाही. म्हणजे गोची बक्षिसात नाही, 'हे केलंस तर ते देईन' या सौद्यात आहे.

आम्हा आयटीवाल्यांना हे नवीन नाही. कॉलेजात रात्र रात्र जागून उगीचच प्रोग्रॅम लिहायचो. आता अप्रेझलच्या फॉर्मात रकाना नसेल, तर साध्या बगलाही कोणी हात लावत नाही. मीसुद्धा नाही. पण मला निदान नोकरी लागेपर्यंत सवलत होती. भाची ५ वर्षांची आहे!

असो. स्टार काही मी दिला नाही. एकटाच हत्ती काढत बसलो. माझी चित्रकला दिव्य आहे. थोड्या वेळाने "मामा, हा उंदीर आहे!" म्हणत तिने खडू ओढून घेतला. हत्ती पूर्ण केला, शेजारी पिल्लूही काढलं. मग कागद पुढे करून मनगट दाखवलं. स्टार लावायला.

सवय सुटायला वेळ लागणार. तेव्हा बाई, रांगेला खुशाल स्टार द्या. चित्राला मात्र नुसतं विचारा, 'हा हत्ती कुठे निघालाय?' बघा पटतंय का.