जांघेतली खाज आणि आपली सभ्यता

हा विषय लिहावा की नाही ह्यावर दोन रविवार घालवले. आमची नातेवाईक मंडळीही हे वाचतात हे मला ठाऊक आहे. मावशी, 'तू पुढे वाचू नकोस' असं लिहिणार होतो, पण नको. तूच वाच, कारण काका वाचणार नाहीत.

तर झालं असं की गेल्या पावसाळ्यात मामेभाऊ राहायला आला. दुसऱ्या दिवशीच लक्षात आलं की हा खुर्चीत धड बसत नाही. विचारलं तर म्हणे, "काही नाही रे, उष्णता." उष्णता! आपल्याकडे पुरुषाला बेंबीच्या खाली जे काही होतं त्या सगळ्याला हे एकच नाव. रात्री गच्चीवर बोलता झाला. आठ महिने चाललं होतं. आधी नुसती कोरडी कातडी, सालपटं, चुरचुर. मग औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक नाही असं बघून, हळू आवाजात मागितलेली ट्यूब. मग दुसरी. मग सहावी. बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

ट्यूब बघितली. एका मलमात चार औषधं: बुरशीवरचं एक, जंतूंवरची दोन, आणि चौथं क्लोबेटासोल. हे क्लोबेटासोल म्हणजे कातडीला लावायच्या स्टेरॉइडांमधलं सगळ्यात जहाल. त्याने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून माणूस खूश. पण थांबते ती शरीराची तक्रार. बुरशी खाली निवांत पसरत राहते, नायट्याची ती ओळखीची गोल कडाही पुसली जाते, आणि डॉक्टरलाही ओळखू येईनासं होतं. मलम सोडलं की दुप्पट खाज. जांघेतली कातडी पातळ होऊन पट्टे उमटतात, ते आयुष्यभर जात नाहीत. भावाच्या जांघेत ते आहेत.

आणि जागा कुठली? १९६७ साली फेल्डमन आणि मायबाख ह्या दोघांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांतून स्टेरॉइड किती आत मुरतं ते मोजलं होतं. हाताच्या आतल्या बाजूच्या मानाने वृषणाच्या कातडीतून ते जवळजवळ ४२ पट मुरतं. जी कातडी सगळ्यात जास्त पिते तिथेच सगळ्यात जहाल औषध, आणि तेही कुणी न बघता, न तपासता!

कायदा नाही असं नाही. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षं डोकं फोडलं. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बघा काय फरक पडलाय तो. दरम्यान बुरशीनेही प्रगती केली. २०२० साली तिच्या एका जातीला 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असं नाव मिळालं, आणि त्यातलं 'इंडो' आपलंच. नेहमीच्या टर्बिनाफिनला ही बुरशी पुष्कळदा दाद देत नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्येही तिचे रुग्ण नोंदले गेले. घ्या, निर्यात!

कुणी म्हणेल, त्वचेचा डॉक्टर म्हणजे अर्धा दिवसाचा खाडा आणि फी, आणि तालुक्याला तो असतोच असं नाही. मान्य. काही डॉक्टरच ह्या चौरंगी ट्यूबा लिहून देतात हेही मान्य. पण माझ्या भावाला पैशाची अडचण नव्हती, डॉक्टर चालत पाच मिनिटांवर होता. अडचण होती ती डॉक्टरसमोर चड्डी खाली करायची. दाढ दुखली की ऑफिसभर सांगणारा माणूस इथे आठ महिने मुका! ह्याला आपण सभ्यता म्हणतो. मी ह्याला निव्वळ मूर्खपणा म्हणतो.

बरं, मूळ दुखणं काय होतं? कदाचित बुरशी नव्हतीच. हा गृहस्थ आंघोळीच्या बादलीत रोज जंतुनाशकाचं झाकण ओतायचा आणि दोन वेळा साबणाने घासायचा. कातडी मुळात किंचित आंबट, साबण अल्कधर्मी. तिथली नाजूक कातडी तडकणारच. खाज आली की 'अस्वच्छता' म्हणून आणखी घासायचं. जांघेतला नायटा साधारणपणे वृषणाची कातडी सोडून पसरतो. नुसती तीच कोरडी पडून सोलवटत असेल तर आधी साबण, जंतुनाशक, कपड्यांची पावडर, सुगंधी टाल्कम ह्यांच्यावर संशय घ्यावा. रात्री खाज वाढत असेल आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल तर खरूज असू शकते. तेव्हा औषध सगळ्या घराने एकदम लावायचं असतं, आणि नेमकं तेच 'कुणाला सांगायचं नाही'मुळे होत नाही.

काळजी म्हणाल तर काहीच थोर नाही. कोमट साधं पाणी, टिपून कोरडं करणं, कोरडेपणाला बिनवासाची पेट्रोलियम जेली. सैल सुती चड्डी. पावसाळ्यात अर्धवट वाळलेली घालू नये, इस्त्री फिरवावी. टॉवेल स्वतःचा. बुरशीचं निदान झालं तर औषध डॉक्टर सांगेल तितके आठवडे, खाज थांबली म्हणून सोडायचं नाही.

आणि एक गोष्ट, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहिलं. शिश्नावरची पुढची कातडी वारंवार लाल होते, तिला बारीक चिरा पडतात, मागे घेताना दुखते, हे कितीदा मधुमेहाचं पहिलं लक्षण असतं. लघवीतली साखर बुरशीला खाऊ घालते. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या साखर लघवीवाटेच बाहेर काढतात, त्यांनीही हे होतं. गोळी आपल्या मनाने बंद न करता डॉक्टरला सांगायचं. म्हणजे 'उष्णता' म्हणून ट्यूब चोपडत बसलेल्या माणसाला शरीर रक्त तपासायला सांगत असतं.

भावाची साखर ठीक निघाली. ट्यूब सोडल्यावर आधी सगळं भडकलं, मग तीन महिन्यांनी शांत झालं. हे लिहायला त्यानेच परवानगी दिली, नाव न घालण्याच्या अटीवर.

मावशी, काकांची साखर शेवटची कधी तपासली होती?