उसना झगा

मागच्या महिन्यात 'फ्रीडम फोर्स' पुन्हा खेळायला घेतला. इरॅशनल गेम्सचा, 2002 सालचा. मित्राने स्क्रीनकडे बघून विचारलं, "हे काय, डुप्लिकेट मार्व्हल?" हो. आणि नेमका त्यामुळेच तो टिकलाय.

गोष्ट 1962ची, पेट्रियट सिटी नावाच्या काल्पनिक शहरातली. आकाशातून 'एनर्जी एक्स'चे डबे पडतात. त्यांचा स्पर्श झाला की कुणी हिरो होतो, कुणी व्हिलन. गोळ्या लागून पडलेला म्हातारा शास्त्रज्ञ उठतो तो थेट मिनिटमन होऊन. छाती पुढे काढून डायलॉग, ठोसा बसला की स्क्रीनवर ढब्बू अक्षरं. लोक याला विडंबन म्हणतात. मला नाही पटत. जॅक कर्बीची कॉमिक्स जीव लावून वाचलेल्या माणसांचं काम आहे हे, आणि प्रेम असलं की थोडी थट्टाही येतेच.

स्पेसबार दाबला की सगळं थांबतं. हवेत भिरकावलेली गाडी हवेतच राहते. मग सावकाश ठरवायचं: कुणी दिव्याचा खांब उपटायचा, कुणी मार खायचा. ती थांबलेली स्क्रीन म्हणजे कॉमिकची चौकटच. कागदावरचं कॉमिक खेळायचं कसं, याचं याहून चांगलं उत्तर मी तरी पाहिलेलं नाही.

आता 'मार्व्हल्स अ‍ॅव्हेंजर्स' बघा. 2020चा, खरे हिरो, खरी नावं. 30 सप्टेंबर 2023ला विक्रीतून बाद! लायसन्सवर आणलेला झगा उसना असतो. मालकाने मागितला की उतरवून द्यायचा. आणि अंगावर होता तेव्हा तरी काय केलं? नवे कॉश्च्यूम विकले, लेव्हल वाढवायला त्याच त्या मोहिमा दिल्या. आपण ओळखीचा चेहरा बघून पैसे टाकले. मीही टाकले.

'फ्रीडम फोर्स'मध्ये खोट आहे. सोव्हिएत हेर पुठ्ठ्याचे वाटतात, आणि माझा मिनिटमन मधूनच भिंतीला नाक लावून उभा राहतो. पण त्यात स्वतःचा हिरो घडवता येतो. खेळाडूंनी तर खऱ्या कॉमिक्समधले हिरोसुद्धा त्यात आणून सोडले, हौसेपोटी, फुकट.

स्टीमवर आजही मिळतो. फोनवर नाही चालणार, पण घरातला जुना लॅपटॉप पुरे.