गुरुजी, जेवून जा हं!

परवा पुण्यात भाचीचं लग्न झालं. पौरोहित्याला बाई होत्या. सप्तपदीचं एकेक पाऊल त्यांनी मराठीतून इतकं छान उलगडून सांगितलं की आमचे काकासुद्धा मोबाईल खिशात ठेवून ऐकत होते. मग दक्षिणेचं पाकीट हातात देताना ताई म्हणाली, "जेवून जा हं." संपलं!

आणि संध्याकाळच्या रिसेप्शनचं आमंत्रण?

"अरे, त्यांना पैसे दिलेत ना!"

पैसे फोटोग्राफरलाही दिले होते. त्याची तीन ताटं मात्र केटररला आधीच सांगितलेली.

दुसरं कारण म्हणे, "त्यांना दुसरं लग्न असतं, येणार थोड्याच!" नसतील येणार. नाही म्हणायचं ते त्या म्हणतील, आपण बोलवायला काय जातं? आणि तेही पाकिटासोबत नको. तारीख ठरवायला जाल तेव्हाच रीतसर सांगा, जोडीने या म्हणा. (काही गुरुजी बाहेरचं जेवत नाहीत. त्यांना शिधा द्यावा, हे आमच्या आजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.)

आता ताईच्या धाकट्याचं लग्न ठरतंय. पहिली पत्रिका गणपतीला, दुसरी कुलदैवताला. तिसरी कुणाला, ते ताईला आत्ताच सांगून ठेवलंय. अजून फुरंगटलेली आहे.