सुवर्णकाळ नेमका कुणाचा?

चार सुशिक्षित माणसे चहाला एकत्र आली की अर्ध्या तासात विषय गाण्यांवर येतो, आणि गाण्यांवर आला की वाद ठरलेला. एक म्हणतो पन्नासचे दशक, दुसरा म्हणतो साठचे, तिसरा राहुलदेव बर्मनवर अडून बसतो. एखादा तरुण रहमानचे नाव घेतो तेव्हा मात्र हे तिघेही एक होतात. निकाल एकच लागतो : जुने ते सोने, आता सगळा गोंगाट. हा निकाल मला मान्य नाही. मी स्वतः त्या जुन्या गाण्यांवरच वाढलो. आजही सकाळ त्यांनीच सुरू होते. तरीही मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे एका मराठी मुसलमानाने मांडायला हवे, असे मला वाटते.

कारण या 'सुवर्णकाळा'त आम्हाला एक खास खुर्ची राखून ठेवलेली असते. जुन्या गाण्यांच्या कुठल्याही कार्यक्रमाला जा. 'बैजू बावरा'तले मालकंसातले भजन सुरू होण्याआधी निवेदक आवाज खाली आणतो आणि सांगतो, "रसिकहो, लिहिणारे शकील, चाल देणारे नौशाद, गाणारे रफी. तिघेही मुसलमान!" टाळ्या पडतात. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते कधी येणार याची वाट पाहतो. अशाच एका कार्यक्रमात शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी डोळे पुसत माझा हात दाबला होता. "तुमच्या लोकांनी काय देऊन ठेवलंय हो!" म्हणाले. पुढे दोनेक वर्षांनी मी भाड्याने घर शोधत होतो. त्यांच्याच इमारतीत एक घर रिकामे होते. माझे नाव ऐकल्यावर ते घर अचानक पाहुण्यांसाठी ठेवायचे ठरले. निरोप घेऊन तेच गृहस्थ आले होते, आणि त्यांना मनापासून वाईट वाटत होते, हेही खरे.

या माणसाला ढोंगी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो ढोंगी नव्हता. त्याचे अश्रू खरे होते आणि नकारही खरा होता. दोन्ही गोष्टी एकाच मनात सुखाने कशा राहू शकतात, हा माझा प्रश्न आहे. माझे उत्तर असे, की 'सुवर्णकाळ' ही कल्पनाच त्यांना एकत्र राहायला जागा करून देते. चांगला मुसलमान १९५२ सालात राहतो. आजचा मुसलमान घर मागायला येतो. पहिल्यावर प्रेम केले की दुसऱ्याचे देणे फिटले, असा हिशेब मनात नकळत होऊन जातो.

तेव्हा आधी त्या काळाकडेच नीट पाहू. पन्नासच्या दशकात वर्षाला शंभराच्या आसपास हिंदी चित्रपट निघत. प्रत्येकात सात-आठ गाणी धरली तरी दहा वर्षांत सात-आठ हजार गाणी झाली. अट्टल शौकिनाला आज त्यांतली किती आठवतात? तीनशे? पाचशे? उरलेली हजारो काळाच्या चाळणीतून गळून गेली, आणि त्यांतली बरीचशी गळण्याच्याच लायकीची होती. आजची गाणी मात्र आपण न चाळता ऐकतो आणि चाळलेल्या दाण्यांशी त्यांची तुलना करतो. याला न्याय म्हणत नाहीत.

शिवाय त्या काळातल्या शहाण्यांना तो काळ सोन्याचा वाटत होता काय? मुळीच नाही. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्यांना ती गाणी उथळ, परक्या वळणाची आणि अभिरुची बिघडवणारी वाटत. म्हणजे 'बैजू बावरा' प्रदर्शित झाला त्याच वर्षी देशाचे सरकार हिंदी चित्रपटगीताला घरात घेत नव्हते. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले, अमीन सायानींची बिनाका गीतमाला उचलून धरली, आणि शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करणे सरकारला भाग पडले. आणखी एक गोष्ट आपले निवेदक कधी सांगत नाहीत. हिंदुस्थानी संगीताच्या अवनतीचे खापर हेच केसकर उत्तरेतल्या मुसलमान राज्यकर्त्यांवर आणि गवयांवर फोडत असत. ज्या काळाला आज आपण गंगा-जमनी तहजीबीचा नमुना म्हणतो, त्या काळात मंत्र्याच्या खुर्चीवरून असा विचार मांडला जात होता.

त्या आधीच्या पिढीचे रडगाणे वेगळे होते. त्यांच्या लेखी संगीत म्हणजे बालगंधर्वांचे नाट्यपद, आणि बोलपटाने ते मारले. गंमत अशी की त्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष बसत. म्हणजे मराठी माणूस ज्याला आपले सर्वांत शुद्ध, सर्वांत सोवळे लोकप्रिय संगीत मानतो, त्याचा ठेका आणि सूर दोन मुसलमान सांभाळत होते. ते तेव्हा कुणाला विशेष वाटले नाही, आणि तेच बरे होते. त्यांना चांगल्या वादकाचा मान मिळाला. 'मुसलमान असूनही' अशी टाळी त्यांना घ्यावी लागली नाही.

सोन्याच्या काळात राहणाऱ्यांना तो कसा गेला, हेही पाहा. खय्याम या थोर संगीतकाराने फाळणीच्या धगीत, १९४८ च्या 'हीर रांझा'ला 'शर्माजी' या नावाने संगीत दिले. जोडीदार रहमान 'वर्माजी' झाले आणि पुढे पाकिस्तानात गेले. 'खय्याम' हे नाव पडद्यावर यायला १९५३ चा 'फूटपाथ' उजाडावा लागला. मजरूह सुलतानपुरींनी नेहरूंवर टीका करणारी कविता वाचली, तर त्यांना मुंबईत तुरुंगात जावे लागले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा या गोव्याच्या कलावंतांनी आपल्या लाडक्या गाण्यांची व्हायोलिने लिहून काढली, वाद्यमेळ बसवला. बहुतेक श्रोत्यांना त्यांची नावेही ठाऊक नव्हती. गोन्साल्विस हे नाव घराघरांत पोचले ते शिष्य प्यारेलाल यांच्यामुळे, १९७७ च्या एका चित्रपटातले विनोदी पात्र म्हणून! आणि गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क कायद्याने कुणी काढून घेऊ शकणार नाही, अशी तरतूद व्हायला २०१२ साल लागले. तोवर सोने कुणाच्या तिजोरीत गेले, ते वाचकांनी ओळखावे.

मग ती गाणी चांगली नव्हती काय? होती, आणि फार चांगली होती. पण त्या वर्षांच्या हवेत काही जादू होती म्हणून नव्हे. मुंबई नावाच्या शहरात तेव्हा एक दार उघडे होते म्हणून. हसरत जयपुरी बसचे कंडक्टर होते. शैलेंद्र रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. नौशादांनी दादरच्या फुटपाथवर रात्री काढल्या. साहिर लाहोर सोडून आले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र, गोव्याचे दत्ता नाईक, पंजाबचे ओ. पी. नय्यर. या माणसांना कुणी गोत्र विचारून स्टुडिओत घेतले नाही. दत्ता नाईक आणि साहिर यांनी १९५९ च्या 'धूल का फूल'साठी एक गाणे केले आणि ते रफींनी गायले. मूल हिंदू व्हावे की मुसलमान, या प्रश्नालाच त्यात नकार आहे. हे गाणे एकट्या उर्दूचे नाही, एकट्या गोव्याचे नाही, पंजाबचेही नाही. एका खोलीत बसून, घासाघीस करून, भांडून ते झाले. दार उघडे असले की असे होते. दशक कोणते, हा प्रश्न दुय्यम आहे.

याचा पुरावा हवा असेल तर ऐंशीचे दशक घ्या. सगळे जाणकार एकमुखाने सांगतात, तो अंधारयुग. चित्रपटगीतांपुरते ते खरे असेलही. पण त्याच दशकात स्वस्त कॅसेट आली आणि एका बड्या कंपनीची वर्षानुवर्षांची मक्तेदारी मोडली. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांची भीमगीते वस्तीवस्तीत वाजू लागली. आमच्या मोहल्ल्यात युसुफ आझाद आणि अझीझ नाझाँ यांच्या कव्वाल्या उरुसापुरत्या न राहता रोजच्या झाल्या. दलित वस्ती आणि मुसलमान मोहल्ला यांना आपलाच आवाज आपल्या घरात, आपल्या पैशाने विकत घेता आला. त्यांना कुणी विचारले असते, तर सुवर्णकाळ त्यांनी दुसराच सांगितला असता. पण यादी करणाऱ्यांनी त्यांना कधी विचारले नाही. अमर शेख हा बार्शीचा मुसलमान पन्नासच्या दशकातच संयुक्त महाराष्ट्रासाठी अफाट गर्दीपुढे गात होता. लोकप्रिय संगीत म्हणतात ते याहून वेगळे काय असते? तरी 'त्या काळची सर्वोत्तम गाणी' या यादीत त्याचे नाव मी कधी पाहिले नाही.

आता थोडे आपल्या घरात. आपल्यातही दोन पंथ आहेत. एक पंथ नावे मोजतो. रफी आमचे, नौशाद आमचे, साहिर आमचे, मधुबाला आमची. निवेदकाच्या त्या वाक्यावर सर्वांत जोराने टाळ्या हाच पंथ वाजवतो. साहिर उघड नास्तिक होता, हे या मोजणीत बसत नाही म्हणून विसरले जाते. दुसरा पंथ सांगतो, संगीतच हराम, तेव्हा वाद कशाला? या मंडळींनी एकदा मिरजेला जावे. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँ विसावले आहेत, आणि उरुसात तिथे आजही गाण्याची मैफल होते. त्याच गावात शिकलगारांच्या घराण्यांनी हत्यारांचे काम सोडून सतारी-तंबोरे घडवले. २०२४ मध्ये त्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या जमान्यात हे काम शिकायला बसलेल्या पोराचे पोट कसे भरायचे, याची चिंता नावे मोजणारे करत नाहीत आणि हराम म्हणणारेही करत नाहीत. वारसा असा दोन्हीकडून बेवारस होतो.

कुणी म्हणेल, आज काय चालले आहे ते पाहा. मिरवणुका मशिदीपुढे थांबवून मुसलमानांना धमकावणारी गाणी डीजेवर वाजवली जातात. २०२२ मध्ये राजस्थानातील करौलीत काय झाले, ते देशाने पाहिले. कुणाल पुरोहित या पत्रकाराने २०२३ मध्ये 'एच-पॉप' या पुस्तकात या द्वेषगीतांच्या धंद्याची तपशिलाने नोंद केली आहे. मग आजचा काळ वाईट, हे तरी कबूल करा! नाही करत. ती गाणी हा या काळाचा कलंक आहे, यात शंका नाही. पण ती वाजवणाऱ्यांच्या घरी रफी ऐकला जात नाही, असे कुणी छातीठोकपणे सांगेल काय? जुन्या गाण्यांनी माणूस आपोआप सुधारत असता तर हा देश केव्हाच सुधारला असता.

आणि याच काळात कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४ मध्ये आयपॅडवर आपल्या गाण्याची चित्रफीत केली. पुण्याच्या ताडीवाला रोडवरचा एक पोरगा एमसी स्टॅन होऊन देशभर पोचला. या पोरांच्या गाण्यात शिव्या आहेत, पैशाची आणि सोनसाखळ्यांची पोकळ बढाई आहे, बाईबद्दल जे बोलले जाते ते तर मला अजिबात सहन होत नाही. हे सगळे त्यांना तोंडावर सांगायला हवे. पण वस्तीतल्या मुलाला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बोलीत, शर्माजी न होता गाता येते, हेही त्यात आहे. त्याला सरसकट गोंगाट म्हणणारे आपले पन्नाशी-साठीतले रसिक नेमके कुणाच्या रांगेत उभे आहेत? केसकरांच्या. ज्यांनी त्यांच्या लाडक्या गाण्यांना दार बंद केले होते, त्यांच्याच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की दशकांची भांडणे थांबवावीत आणि प्रत्येक काळाला तीन प्रश्न विचारावेत. स्टुडिओचे दार कुणाला उघडे होते? गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःचे नाव लावता येत होते काय? आणि घामाचे दाम त्याच्या हाती पडत होते काय? या कसोटीवर एकही काळ चोवीस कॅरटचा निघत नाही. प्रत्येकात थोडे सोने आहे आणि बराच हीण आहे, आणि आपल्या वाट्याचा काळ थोडा शुद्ध करणे अजून आपल्या हातात आहे.

पुढच्या वेळी निवेदक त्या भजनाआधी आवाज खाली आणून 'तिघेही मुसलमान' म्हणेल, तेव्हा मी टाळी वाजवणार नाही. गाणे मात्र शेवटच्या सुरापर्यंत ऐकेन. आणि शेजारच्या खुर्चीवर कुणी डोळे पुसत असेल तर त्याला नम्रपणे विचारेन, "साहेब, आपल्या इमारतीत एखादे घर रिकामे आहे का?"