ख्रिस्तपटाआधीचे फाळके

कलावंताच्या चरित्रात साक्षात्काराचा एक क्षण असलाच पाहिजे, अशी आपली दृढ समजूत आहे. जपानी ॲनिमेशन-दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या बाबतीत तो क्षण १९५८चा : शाळेच्या अखेरच्या वर्षी पाहिलेला 'हाकुजादेन' हा रंगीत चित्रपट. दादासाहेब फाळक्यांच्या बाबतीत तो मुंबईत पाहिलेला ख्रिस्तपट. दोन्ही हकिकती खऱ्याच आहेत, पण त्यांच्या झगमगाटात आधीची वर्षे दिसेनाशी होतात.

मियाझाकींचा जन्म १९४१चा. वडील ज्या घरच्या कारखान्यात संचालक होते, तिथे 'झीरो' या लढाऊ विमानांचे भाग तयार होत. मुलगा विमाने उत्तम रेखाटी, माणसे मात्र त्याला जमत नसत.

फाळक्यांनी ख्रिस्तपट पाहिला तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती. तोवर जे. जे. कलाशाळा, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, पुराणवस्तू खाते, जादूचे प्रयोग आणि लोणावळा-मळवली परिसरातली रंगीत छपाई एवढे सारे करून झाले होते. १९१२ साली त्यांनी कुंडीत पेरलेल्या दाण्यासमोर कॅमेरा रोवला आणि अंकुराची वाढ थोडी थोडी टिपत मिनिटभराचा चित्रपट केला. तो पाहून भांडवल देणारा माणूस मिळाला. पुढे १९१५ची 'आगकाड्यांची मौज' याच युक्तीतून निघाली. एका रंगावर दुसरा रंग केसभरही न सरकता बसवण्याची ज्याला सवय, त्याला ही युक्ती सुचावी यात मला नवल वाटत नाही. कच्च्या फिल्मला रात्री घरी भोके पाडण्याचे काम सरस्वतीबाई करीत. (चरित्रकार हे कौतुकाने सांगतात आणि लगबगीने पुढे जातात.)

कासारवाडीहून लोणावळ्याकडे जाणारी लोकल मळवलीला थांबते. या पट्ट्यातली आमची मुले घरात लेथ, डाय, टूलरूम हेच शब्द ऐकत वाढतात. मियाझाकींचे चित्रपट त्यांना तोंडपाठ असतात. पण 'माझ्या प्रेरणा' असा निबंध दिला की टोकियोतले स्टुडिओ येतात, वडिलांची टूलरूम येत नाही. कारखाना म्हणजे पोट आणि कला म्हणजे मन, ही वाटणी त्यांना कुणी शिकवली? बहुधा आम्हीच, भाषेच्या प्राध्यापकांनी. फाळके शिकवायला घेतले की आम्ही थेट ख्रिस्तपटाच्या पडद्यापाशी उभे राहतो. वर्गाला आधी मळवलीच्या छापखान्यात न्यायला हवे.